निपल

फियाटच्या मागल्या चाकाशी
ब्रेकचं निपल धरून बसलंय.
रात्रभर रॉकेल पाजलं, तरी ढिम्म.
आठचा पाना घसरला, माझंच बोट सोललं.

जिन्सी नाल्यावर ग्वाल्हेरी धुकं. शकूरमियां म्हणाले,
"पिंगळे साब, जोर से तो टूटेगी."
बत्ती लावली, निवू दिलं,
हातोडीनं चहूकडून टकटक,
कान लावून,
निजलेल्याच्या दारावर करावी तशी.

मग पाना उलटा फिरवला.
आवळला! केसभर.
"पहले उसकी मान लो," म्हणाले.

किर्र.
चहाच्या रंगाचं तेल वाटीत उतरलं,
अण्णा होते तेव्हाचं.

गाडी अजून दोघांच्या नावावर.
धाकटा मुरारला राहतो. सात वर्षं
मी एकाच बाजूनं जोर लावतोय.

नवं बसलं. जुनं खिशात टाकलं,
अजून कोमट.