सोमल

कामारोनेस नदी समुद्राला मिळते तिथे
नेमेसियोच्या फावड्याला आधी वाळू लागली,
मग शिंपले, मग पुन्हा वाळू,
आणि मग असं काही, की हात आपोआप थांबला.

नळाची चर खणत होता. दीड हात खोल,
एर्मेलिंदाच्या परसातून थेट रस्त्यापर्यंत.
मासे धुता धुता ती तशीच आली, हाताला खवले.
त्याची पाठ बघूनच तिला कळलं होतं.

लव्हाळ्याच्या चटईत गुंडाळलेलं बाळ.
काळ्या मातीचा मुखवटा, तोंड उघडं,
आता रडेल, नाहीतर आत्ताच रडून थांबलंय.
डोक्याला केस मोठ्या माणसाचे.
"आईचेच," एर्मेलिंदा म्हणाली, "दुसरं कोण कापून देईल?"

सात हजार वर्षं, म्हणाली म्युझियमची बाई, गुरुवारी आल्यावर.
तेव्हा इजिप्तात राजे नव्हते.
इथेही नव्हते. देऊळ नाही, मडकं नाही,
जाळं होतं, गळ होता, हाडाच्या टोकाचा भाला.
आणि हे:
कातडी सोडवायची, हाडांना काटक्या बांधायच्या,
पोटात गवत भरायचं, मातीने पुन्हा लेकरू घडवायचं,
कातडी परत चढवायची,
कमी पडली तर समुद्रसिंहाची.

राजासाठी नाही. तान्ह्यासाठी.
कारण नदी काचेसारखी नितळ होती
आणि नदीत सोमल होता.
ज्या ओंजळीने तहान भागायची
तिनेच पोटातलं पोटात मरायचं.
कुणाला ठाऊक होतं?
दुसरं पाणी तरी कुठे होतं?

ज्या भाषेत त्याला हाक मारली असेल
ती भाषा आता वाऱ्यालाही येत नाही.

बाईने भिंगातून पाहिलं, बराच वेळ.
"रंगाचे तीन थर आहेत," म्हणाली,
"मधेमधे तडे गेलेत, मग वरून पुन्हा लिंपलंय."
एर्मेलिंदा काही बोलली नाही.
तिचा एक मुलगा त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात गेला होता,
फोटो नव्हता.
मग म्हणाली, "म्हणजे पुरलं नव्हतं लगेच.
घरात होतं. कडेवर घेत असणार."

चर आता तिथे वळसा घालते.
नेमेसियोला दोन कोपरं जास्तीची लागली,
मुकादम कुरकुरला.

महिन्याने नळाला पाणी आलं, दूरच्या टाकीतून, गाळलेलं.
एर्मेलिंदाने पहिला पेला भरला,
उजेडात धरला,
आणि किती तरी वेळ नुसती बघत राहिली.
नितळ होतं.