दोनशे तीस अंश

म्हापशात, शुक्रवारच्या बाजारामागच्या गल्लीत
मी बायकांचे केस सरळ करते.
इस्त्रीचा दिवा लाल आहे तोवर थांबायचं,
हिरवा झाला की दोनशे तीस अंश.
कुठल्या केसाला किती सोसेल
ते माझ्या बोटांना कळतं.

माझ्याच केसांचं मला काही कळत नव्हतं.
तिकडे यल्लापूरच्या रानात आई
दर मे महिन्यात आम्हा पाचही भावंडांची डोकी
एकाच ब्लेडने भादरायची.
गुंताच नको, म्हणायची.
शाळेतल्या बाई म्हणाल्या, काथ्या.
मग बारावीपर्यंत तो काथ्या
मी रुमालाखाली वागवला.

इथे आले, पहिल्या पगारात
स्वतःचंच गिऱ्हाईक झाले.
प्रशिलाबाय आरशात बघून म्हणाली,
आता कशी माणसात आलीस.

सहा महिने माणसात राहिले.
मग मोरीच्या जाळीत केस अडकू लागले,
आधी चिमूटभर, मग मूठभर,
आणि कानामागे रुपयाएवढी जागा
अगदी गुळगुळीत.

रेहेमाच्या खोलीला पाटी नाही.
पाटी लावली की घरमालकाला फोन येतात.
काजूच्या दुकानावरचा जिना, निळं दार,
तीन प्लास्टिकच्या खुर्च्या,
खिळ्यांना लटकलेली केसांची पाकिटं,
आणि रविवार.
एकजण नर्सिंग शिकते, मान खाली घालून
किडनीचं चित्र पाठ करतेय.
ओबियागेलीचा व्हिसा संपायला नऊ दिवस उरलेत,
तरी तिला दोन महिने टिकतील अशाच
बारीक वेण्या हव्यात.
ग्रासा उकाड्याला पोर्तुगीजमधून शिव्या देत
चोरिस-पाव घेऊन येते.

रेहेमाने माझी बट बोटांत धरली.
कुठली तू, असं विचारलं नाही.
तिची हिंदी मोडकी, माझीही.
विचारलं, शेवटचं कोणी विंचरलं तुला?
मी आठवत बसले.
फॅन तीनदा फिरून आला.

जळलेलं कापावं लागेल, म्हणाली.
कात्री चालली. फरशीवर
माझी सगळी इस्त्री पडली.
मुळाशी उरलं दोन बोटं,
ते हजेरीत नाव पुकारल्यासारखं
उठून उभं राहिलं.

मग खोबरेल. मग पेड.
दर वळणाला टाळूवरून थोडं थोडं उचलत,
आई मिरचीचे वाफे घालायची
तशा ओळी.
पाच तास.
कोणीतरी न विचारता
माझ्या हातात अर्धा पाव ठेवला.
डोकं हलवायचं नव्हतं,
म्हणून कोणी ते बघितलंच नाही मी.

जिना उतरले तर पोरं ओरडली, खापरी!
त्यांच्याच आया अवसेला
देवळामागच्या खापऱ्यापुढे
रोट आणि विडी ठेवतात, राखणीला.
मी वळून म्हटलं,
विडी कुठाय मग?

सोमवारी प्रशिलाबायने बघितलं,
ड्रॉवरमधून एक रुमाल काढून
टेबलावर ठेवला. धुतलेला, घडी घातलेला.
वाईट बाई नाही ती.
रुमाल तिथेच आहे.

पहिलं गिऱ्हाईक पर्वरीहून,
आई आणि नववीतली मुलगी.
मावशीचं लग्न आहे, सगळे सरळ करून टाक.
मुलगी आरशातून
माझ्या डोक्यावरच्या वाफ्यांतून चालत होती,
ओळ संपली की पुढची ओळ.

दुखलं का?

मान दुखली, म्हटलं. डोकं नाही.

दिवा हिरवा झालाय.
आई घड्याळ बघतेय.
मुलगी खुर्चीच्या पाठीला धरून उभी,
अजून बसत नाही.