बामणोदला, भरीताच्या रात्री

तुरकाट्यांवर वांगी फुटत होती,
तेव्हा पुंजाजीनं विचारलं,
"मंग, ऑपेरा म्हंजे काय असते भो?"

मी सांगत गेलो.
आयर्लंडच्या कोपऱ्यातलं, समुद्राला टेकलेलं गाव.
अरुंद गल्ली, भुरभुर पाऊस,
झगे घोट्यापर्यंत उचलून, डबकी चुकवत चाललेल्या बाया.
वाटलं, कुणाच्या तरी लग्नालाच निघालीय ही मंडळी.
जावयाचा कोट मला गुडघ्यापर्यंत.
शेजारच्या खुर्चीतल्या म्हातारीनं खोकल्याची गोळी दिली,
आत कागद वाजू नये म्हणून
बाहेरच सोलून आणलेली.

"अन् समजलं काय?"

काही नाही.
गाणं इटलीच्या भाषेत, वर पाटीवर पळती इंग्रजी अक्षरं.
मी वाचणंच सोडून दिलं.
एक बाई मरत होती.
पाव तास.
गात गात.

"पाव तास!" पोरं हसली.
बडगीतलं मुसळ मात्र थांबलं.

पुंजाजी म्हणाला,
"माही माय दोन दिवस मरत व्हती.
मुक्यानं.
गाता आलं असतं तिले
तं कयलं असतं
कुठी दुखते ते."

मुसळ बराच वेळ कुणी उचललं नाही.
धुरानं कुणालातरी खोकला आला,
त्यानं तो
दाबून धरला.