शेरा

द्वारकेजवळच्या यार्डात सगळ्याच गाड्या
लेडी डॉक्टरच्या निघाल्या.
एकच मालक, बाईसाहेब, घर ते दवाखाना,
दवाखाना ते घर.
चौथ्या गाडीला मी विचारलं,
नाशकात एवढे डॉक्टर, मग आजारी कोण पडतं?
पोरगा हसला नाही. मीटर दाखवू लागला.
बेचाळीस हजार. आणि क्लचच्या पेडलचं रबर
जुन्या सहाणेसारखं खोलगट.
हनीफ मिस्त्री म्हणाला, मीटर खोटं बोलतं,
पाय नाही बोलत. चला.

माझ्याकडे होते एक लाख सत्तर.
भिशीचे साठ, पतपेढीचे ऐंशी,
आणि तीस कुठून आले ते जुईलीला सांगायचं नाही.
तिचं कॉलेज आडगावला, आम्ही पाथर्डी फाट्याला,
मधे अख्खं नाशिक.
प्रॅक्टिकल सुटतं साडेसातला,
आणि आठपासून मी गॅलरीत
वाळलेल्या कपड्यांना पुन्हा चिमटे लावत असते.

इंदिरानगरला, कुलथे काकांच्या पार्किंगमध्ये
मातकट सोनेरी सँट्रो.
धुतलेली नाही, काका म्हणाले,
धुऊन दाखवली की लोकांना वाटतं काही लपवतोय.

हनीफ गाडीखाली आडवा झाला. पत्रा टिचकीने ऐकला,
मॅट उचलून गंज शोधला,
ऑइलची कांडी ओढली, बोटावर घासली, वास घेतला.
मीही घेतला. मला काय कळणार, पण घेतला.

सर्व्हिसचं काही रेकॉर्ड? हनीफने सहज विचारलं.
काका आत गेले, शंभर पानी वही घेऊन आले.
दोन हजार बारापासून.
तारीख, लिटर, किलोमीटर, शेरा.

त्र्यंबक, येऊन-जाऊन छप्पन्न. हवा ठीक.
गड. सुमनला घाटात मळमळलं. आवळासुपारी ठेवणे.
कसारा, काटा वर. थांबलो. भजी. काटा खाली.

मग एका पानापासून रोजचे चौदा.
चौदा. डॉक्टर भेटले नाहीत.
चौदा. रिपोर्ट उद्या.
चौदा. मागच्या सीटवर उशी ठेवणे.
मग शेराच नाही, नुसते चौदा, चौदा, पानभर,
आणि शेवटी एकदा
सात.

हनीफ माझ्या खांद्यावरून तारखा बघत होता.
इथून पुढे चार महिने उभी आहे, म्हणाला.
बॅटरी गेली असणार.

मी ठरवून आले होते,
वीस कमी मागायचे, दहावर यायचं.
जीभ टाळूला चिकटली.
काकाच म्हणाले, बॅटरीचे साडेचार हजार वजा करा.
रेडिओ खरखरतो, त्याचे किती ते मिस्त्रींनी सांगावं.

एक पन्नासला व्यवहार झाला.
जुईलीने सीट पुढे ओढली, आरसा खाली केला,
आणि विचारलं, काका, वही गाडीबरोबर येते का?
मी तिला डोळ्यांनी दटावलं. उशीर झाला होता.

काकांनी मागची कोरी पानं चाळली.
तुला कोरी देतो, म्हणाले, आणि एक ओढलं.
पण शिवलेली वही. कोरं पान निघालं
तसं पलीकडचं, कसाऱ्याचं, सुटून हातात आलं.
ते त्यांनी परत आत सरकवलं, कडा जुळवल्या,
आणि वही काखेत धरून
गाडी मागे घ्यायला हात दाखवत राहिले,
येऊ दे, येऊ दे, अजून आहे, बस.

मुंबई नाक्यावर मागून सगळं नाशिक हॉर्न वाजवत होतं म्हणे.
त्या रात्री पावणेनऊला ती जिना चढून आली,
चपलाही न काढता
टीव्हीखालच्या कप्प्यातून
माझी दुधाच्या हिशोबाची जुनी वही काढली,
उलट बाजूने सुरू केली.
झोपल्यावर मी उघडून पाहिली.
हवा भरली. मुंबई नाका, तीनदा बंद. चूक माझी.
ते मी नंतर वाचलं.
आधी आकडा पाहिला:
येऊन-जाऊन बत्तीस.