सांधा

रांजणाला तडा गेला होता
आणि कुणीतरी तो फेकून दिला नाही.
तड्याच्या दोन्ही अंगांना भोकं पाडली,
शिसं वितळवून ओतलं, वरून ठोकून बसवलं.
एक ठोका चुकलाय, अजून दिसतो.

ऱ्हाईनकाठच्या रोमन छावणीतून
कापसात गुंडाळून तो सांधा माझ्या टेबलावर आला.
सोबत चिठ्ठी: कुठल्या खाणीचं?

नखाच्या टोकाएवढा कीस पुरतो.
आम्लात विरघळला की मोजायला घ्यायचा.
शिशाची चार भावंडं, वजनात केसाचा फरक.
एक अगदी पहिल्यापासूनचं, त्याला आगापिछा नाही.
बाकीची तिघं
युरेनियम-थोरियमच्या सावकाश मरणातून वाढलेली.
कोण किती, यावरून डोंगर ओळखायचा.
मग भट्टीत घाला, नळ करा, समुद्रापार विका,
प्रमाण हलत नाही.
माणसाचं आडनावसुद्धा इतकं टिकत नाही.

"फुएनसांता, आमचं निघालं का?"
वडील दर रविवारी विचारतात.
हिनेस, ला उनिओनच्या डोंगराखाली एकतीस वर्षं,
आता खिडकीपाशी, नाकात ऑक्सिजनची नळी.
खिडकीतून पोर्तमानची खाडी दिसते,
म्हणजे जिथे होती ती जागा.
खाणीचा गाळ वर्षानुवर्षं पाण्यात सोडला,
समुद्र मागे मागे सरकत गेला.
आजोबांच्या होडीची कडी भिंतीत तशीच आहे,
लाटा ऐकू येत नाहीत इतक्या लांब.

एकदा सुरुंगानंतर त्यांना आतला जुना बोगदा लागला.
खांदे आडवे करून शिरावं लागलं.
कोनाड्यात तेलाचा दिवा, वर छताला काजळी.
"दोन हजार वर्षांची काजळी," वडील सांगतात,
"पँटला पुसली मी."
तो दिवा ज्याने ठेवला त्याचं नाव कुठेच नाही.
मालकाचं आहे. शिशाच्या प्रत्येक विटेवर, ठळक.

मोजून झालं.
पडद्यावर खाणींचे पुंजके,
आमचा डोंगर उजवीकडे, सार्डिनिया खाली.
सांध्याचा ठिपका
इथेही बसला नाही, तिथेही नाही.
दोघांच्या मध्ये, मोकळ्यावर,
जिथे कुठलीच खाण नाही.

म्हणजे कुणीतरी भंगार वितळवलं.
फुटका नळ, जाळ्याची वजनं,
शवपेटीचा उरलेला कोपरा, काय असेल ते.
रांजण गळत होता आणि हाताशी एवढंच होतं.
अहवालात मी एक शब्द लिहिला: मिश्र.

"मिश्र म्हणजे?"
"म्हणजे थोडं आपलं असेल."
"थोडं," वडील म्हणाले,
आणि खोकला थांबेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

आई गेल्यावर तिच्या शिवणाच्या डब्यात
बटणांच्या खाली माझा दुधाचा दात सापडला होता.
सहाव्या वर्षी पडलेला.
तेव्हा आम्ही गाळावर खेळायचो.
काळी वाळू, उन्हात चकाकणारी.
मी ती खिसे भरभरून घरी न्यायचे
आणि आई खिसे उलटे करताना ओरडायची,
मग दारातच सांडलेली ती चमक
केरसुणीने खाडीच्या दिशेला लोटायची.

सगळे घरी गेल्यावर,
नोंदवहीत काही न लिहिता,
मी त्या दाताचा कीस काढला.

ठिपका बसला
डोंगराच्या नेमक्या पोटात.

सांधा कापसात गुंडाळून परत पाठवला.
अर्धा दात परत बटणांखाली.

रविवारी त्यांनी विचारलंच.
"निघालं," मी म्हटलं.
इतक्या महिन्यांनी ते हसले, नळी सरकवून.
"कुठे सापडलं?"
मी दातांवरून जीभ फिरवली.
"जवळच," म्हटलं.