बद्द

उतरून चार दिवस झाले तरी पोटाखाली
अजून जळक्या केसांसारखा वास.
ओझरच्या हँगरात मी उताणी,
चाकांच्या फळीवर, कपाळाला बॅटरी.
निफाडकडची थंडी पत्र्यातून आत येते,
आणि नाकापासून हातभर वर
काळ्या टाइलांचं आभाळ.

अकरा हजार चारशे सहा.
एकीसारखी दुसरी नाही.
शेजारणीच्या जागी बसवली
तर केसभर उरते, नाहीतर केसभर कमी पडते.
वजन म्हणाल तर कुरमुऱ्यांची पिशवी:
बहुतेक हवाच, बाकी वाळूची लोकर.
शिकताना भट्टीतून लाल काढलेली
मी कडांना चिमटीत धरली होती.
आत निखारा, बोटांना काही नाही.
खैरनार सर म्हणाले, उष्णता घ्यायची,
पण पुढे सांगायची नाही, एवढंच हिचं काम.
मला मोठ्या जाऊबाई आठवल्या.

बाकी विमान सरळ आहे.
जाताना रॉकेटच्या डोक्यावर बसतं.
वर गेलं की पाठीची दारं उघडून
अंगातला ताप काळोखात सांडत फिरतं.
येताना इंजिन नाही.
नाक वर, पोट पुढे,
आगीतून घसरत, डावी-उजवी वळणं घेत वेग जिरवायचा,
मग नुसतं तरंगणं.
धावपट्टी चुकली तर दुसरी फेरी नाही.
एवढं भोगून त्याला पुन्हा जायचं असतं.
म्हणून मी.

तपासायला लेसर आहे. त्याचा अहवाल येतो, मी सही करते.
मग, नियमात नाही ते:
हातमोज्यातलं पेर वाकवून हलकेच ठोकते.

वडील तांबट आळीतले.
भांडं आलं की आधी डोळे मिटायचे, मग टिचकी.
"खण्ण म्हणालं तर घे.
बद्द म्हणालं तर चीर आहे, दिसो न दिसो."
त्यांच्या घंगाळांनी तीन-तीन पिढ्यांची कल्हई पाहिली.
'वापरलेलं' ही आमच्या गल्लीत शिवी नव्हती.

टाइल खण्ण म्हणत नाही कधी.
नीट बसलेली असली तर म्हणते 'हं'.
सुटलेली असली तर
'हं?'

काल सात हजार दोनशे अठरा म्हणाली 'हं?'.
लेसरच्या मते ती ठीक.
मी लाल खडूने फुली मारली.
काढली. गोंद चारी कोपऱ्यांना घट्ट होता.
दोन दिवस वाया. सर काही बोलले नाहीत,
चहा मात्र स्वतः आणून दिला.

नवी बसवली. ठोकली.
मग तिच्या शेजारची.