खराटा

पहाटे साडेचारला लाली वाजते,
पोकळ ओंडक्यावर दोन दांडकी.
त्याआधीच मी देवळाच्या अंगणात.
नीरफणसाची पानं रात्रभर पडलेली,
सुपाएवढी, वाळून चामडं झालेली.
पोवळ्याच्या खडीवर
माझा खराटा खर्र खर्र बोलतो.
अकरा वर्षं झाली. कुणी सांगितलं नव्हतं.
निदान मी असं सांगते.

काल पाळकांच्या खिडकीत दिवा नव्हता.
सेमिसी पाळक बोटीनं नेइआफूला गेलेले,
दाढ काढायला.
आणि माझा खराटा मुका.
तीच पानं, तीच खडी, तोच हात,
पण झाडणं असं, की चोर पाऊल टाकतोय.
मागचा कोपरा तसाच सोडला.
म्हटलं, वारा आहे, पुन्हा पडणारच.
घरी येऊन चहा ओतताना लक्षात आलं,
वारा तर रोजच असतो.

दुपारी आतेलाइतेला न्हाऊ घातलं.
साखरेनं तिच्या पायाची दोन बोटं नेली.
ती आभार मानत नाही,
पाणी गार आहे म्हणून शिव्या घालते.
वाटलं होतं, इथं तरी काही मिळायचं नाही,
म्हणजे हे तरी निखळ.
पण पाठ चोळता चोळता मी मनात
हेच कुणाला तरी सांगत होते,
शब्द निवडत होते:
‘शिव्या घालते हो. तरी मी जाते.’
‘तरी’वर जरा थांबून.

मिसिनालेच्या रविवारी तर सगळं उघडंच.
कमरेला आईची चटई, कडा विरलेल्या.
घराघराचं नाव घेऊन रक्कम वाचतात.
पेनिसिमानीनं ऑकलंडहून पाठवलेले सहाशे पांगा,
थंड गोदामात मांसाची खोकी उचलून
बोटं बधिर करून मिळवलेले,
माझ्या नावानं वाचले गेले.
मग सेलूच्या घरचे. चारशे पन्नास.
मी डोळे मिटले.
शेजारणीला वाटलं, प्रार्थना.
मी वजाबाकी करत होते.

म्हणून यंदा ठरवलं, गुपचूप द्यायचं.
वीस पांगाची नोट, चार घड्या घालून,
शनिवारी संध्याकाळी, कुणी नसताना पेटीत.
टाकली.
आणि दारात रेंगाळले.
चपलेचा बंद नीटच होता,
तरी वाकून नीट केला,
कुणीतरी यावं म्हणून.
एक डुकरीण आली, मागे सहा पिल्लं.
माझ्याकडे बघून फुरफुरली, निघून गेली.
हसू आलं, प्रभू.
तूच धाडली होतीस का?

रात्री पडल्या पडल्या विचार केला,
मन स्वच्छ होईपर्यंत खराटा टांगून ठेवावा.
चार दिवस, चार महिने, जितके लागतील तितके.
पण मागल्या पावसात म्हातारा फोतू
याच पानांवरून घसरला होता,
खुबा अजून धरलेला आहे.
त्याच्या खुब्याला माझ्या मनाशी
काय देणंघेणं?

आज दिवा लागलेला.
मी मागच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली,
जिथून आवाज पोचत नाही.
(हेही तुला दाखवायलाच की काय,
ते तू बघ. मला आता मोजवत नाही.)
कालची पानं दवानं खडीला चिकटलेली,
खराट्याला दाद देईनात.
वाकून हातानं उचलू लागले,
आणि एकाखालून गोम निघाली, वीतभर,
बोटाला डसली.
मी केवढ्यानं ओरडले!
खिडकी उघडली.
गालावर सूज, अर्धंच तोंड हलवत
पाळक म्हणाले, ‘काय झालं, लोसालिने?’

सगळं जिभेवर आलं होतं,
गोम, कोपरा, अकरा वर्षं.
‘काही नाही,’ म्हटलं. ‘पानं आहेत.’
खिडकी मिटली.
बोट काखेत दाबून
उरलेली पानं डाव्या हातानं उचलली.

सांगितलं नाही कुणाला.
तुला सांगतेय, तेवढं चालेल ना?
फार ठणकतंय.